रशियातील ‘चिनी राजवाडा’ कितपत चिनी?

प्रश्न : चित्रशिक्षक, खानापूर

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत २६ वर्षे चित्रकला शिकवून निवृत्त झालो आहे. गावच्या वाचनालयाने मे महिन्यातील व्याख्यानमालेचा एक दिवस माझ्याकडे सोपवला असून, राजघराण्यांची उन्हाळी निवासस्थाने हा विषय मी घेतला आहे. तयारी करताना रशियातील ओरानिएनबाउम येथील ‘चिनी राजवाडा’ समोर आला आणि माझे टिपण तेथेच अडले.

अडचण अशी की, छायाचित्रांत बाहेरून पाहिल्यास त्या इमारतीत चिनी म्हणावे असे काहीच आढळत नाही. टोके वर वळलेली छपरे नाहीत, ड्रॅगन नाहीत, कंदील नाहीत; झाडीत, तळ्याजवळ एक लांबट, बैठे, युरोपीय वळणाचे घर तेवढे दिसते. आमच्या पंचक्रोशीतला श्रोता भीडभाड ठेवत नाही. “सर, मग ह्याला चिनी का म्हणायचं?” असे पहिल्या रांगेतून कोणीतरी विचारणारच, आणि त्या वेळी मला चष्मा पुसत उभे राहायचे नाही.

दुसरी अडचण शब्दाची आहे. या सजावटीला फ्रेंचमध्ये ‘शिनवाझरी’ म्हणतात. मी टिपणात आधी ‘चिनी शैली’ असे लिहिले, ते खोडून ‘चिनी शैलीची नक्कल’ असे लिहिले आणि नंतर तेही खोडले. पहिल्या शब्दाने ती चीनची कला ठरते आणि दुसऱ्याने ती चोरी ठरते. जाणकारांनी या दोन्ही बाबतींत मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : शहापूरकर

सर, पहिल्या रांगेतल्या त्या संभाव्य श्रोत्याची शंका अगदी रास्त आहे. आणि गंमत म्हणजे सुरुवातीला त्या घराला ‘चिनी राजवाडा’ म्हणतही नसत. ते नाव मागाहून रुळले.

ओरानिएनबाउम हे सेंट पीटर्सबर्गच्या पश्चिमेस सुमारे ४० किलोमीटरवर, फिनलंडच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे. नाव जर्मन वळणाचे असून त्याचा अर्थ संत्र्याचे झाड असा होतो. रशियाचा सम्राट पीटर द ग्रेट याचा विश्वासू सहकारी मेन्शिकोव याने अठराव्या शतकाच्या आरंभी तेथे भला मोठा राजवाडा उभारला, आणि पुढे ती सर्व मालमत्ता राजघराण्याकडे गेली. १७६२ च्या उन्हाळ्यात राणी कॅथरीनने आपल्या नवऱ्याला, म्हणजे रशियाचा सम्राट तिसरा पीटर याला, गादीवरून उतरवले आणि स्वतः सम्राज्ञी झाली. राज्यत्यागाच्या कागदावर त्याने सही केली तीही याच ओरानिएनबाउममध्ये. त्याच वर्षी तिने त्याच आवारात स्वतःसाठी वेगळे उन्हाळी घर बांधायला काढले. अंतोनियो रिनाल्दी या इटालियन वास्तुविशारदाने ते १७६८ पर्यंत पूर्ण केले. त्यानंतरचा हिशेब मात्र विचित्र आहे. ३४ वर्षांच्या कारकिर्दीत कॅथरीन त्या घरात एकंदर ४८ दिवस राहिली असे सांगतात, म्हणजे वर्षाला दीड दिवसाच्या गणपतीइतकाही मुक्काम पडला नाही. आंबोलीला हौसेने बंगला बांधून वर्षभर त्याला कुलूप लावणारे बेळगावकर मला ठाऊक आहेत. त्यांना हा दाखला जरूर द्यावा.

आता चिनीपणाविषयी. तो सगळा घराच्या आत आहे, आणि आतही सर्वत्र नाही. सतरा दालनांपैकी मोजक्याच दालनांत तो दिसतो. कलादेवतांचे दालन, ज्याची चित्रे स्तेफानो तोरेल्ली याने काढली, ते तर पूर्णपणे युरोपीय आहे. मोठ्या चिनी कक्षात मात्र भिंतीच चित्रांच्या आहेत. निरनिराळ्या रंगांच्या लाकडांचे पातळ तुकडे कापून ते एकमेकांत बसवले आहेत, मधेमधे वॉलरसच्या सुळ्याचे हस्तिदंतासारखे तुकडे आहेत, आणि त्यांतून चिनी देखावे, माणसे, पक्षी, घरे साकारली आहेत. आपल्याकडे म्हैसूरच्या बाजूला लाकडात लाकूड बसवून जी चित्रे करतात, त्या जातीचे हे काम आहे. श्रोत्यांना तसे सांगितले तर चटकन कळेल. मान वर केली की छताचे चित्र दिसते. ते बारोत्झी बंधूंचे असून त्याचा विषय ‘युरोप आणि आशिया यांचे मीलन’ असा आहे. मला विचाराल तर आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या छतावरच आहे. त्या खोलीत चीन एकटा कोठेच नाही, जो आहे तो युरोपच्या सोबतीने आणि युरोपने मांडलेल्या बैठकीत आहे.

हा शौक आला कोठून, हेही थोडे सांगावे लागेल. सतराव्या शतकापासून डच, इंग्रज आणि इतर कंपन्यांची जहाजे चिनी मातीची भांडी, रेशीम, चहा आणि लाखेचे सामान युरोपात उतरवू लागली. रशियाला तर जमिनीवरचीही वाट होती. १७२७ च्या कराराने सैबेरियाच्या सीमेवरील क्याख्ता हे व्यापाराचे ठाणे झाले आणि तेथून उंटांच्या तांड्यांनी चहा व रेशीम येत राहिले. माल भरपूर आला, पण तो घडवणारा देश पाहिलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. बशीवर निळ्या रंगात काढलेला पूल, छत्री घेतलेला म्हातारा, लांब शेपटीचा पक्षी एवढ्यावरून युरोपातल्या कारागिरांनी एक अख्खा देश मनाने उभा केला. त्या मनाने उभ्या केलेल्या देशाची सजावट म्हणजे शिनवाझरी.

गोंधळ किती होता याचा एक नमुना देतो. चीनमध्ये बनलेले लाखेचे मोठे घडीचे पडदे युरोपात ‘कोरोमंडल’ या नावाने ओळखले जात, कारण ते आपल्या पूर्व किनाऱ्यावरील बंदरांतून पुढे पाठवले जात. चीनमधून आलेल्या भिंतीच्या कागदाला इंग्रज लोक ‘इंडियाचा कागद’ म्हणत. माल कोणाचा आणि नाव कोणाचे, याची फिकीर गिऱ्हाइकाला नव्हती.

उत्तर २ : निपाणीचा वाचक

शहापूरकरांनी माहिती उत्तम दिली आहे, परंतु त्यांचा सूर मला जरा फार कौतुकाचा वाटतो. सरांनी ‘नक्कल’ हा शब्द खोडायला नको होता.

नावाचा मुद्दा मला मान्य आहे. आमच्या आजीच्या लोणच्याच्या बरण्या, वरून तपकिरी आणि खाली पांढऱ्या, आम्ही आजही ‘चिनी मातीच्या’ म्हणतो. त्यांतली एकही बरणी चीनमधून आलेली नव्हती. देवगिरीच्या किल्ल्यावरील ‘चिनी महाल’ तर सर्व मराठी वाचकांना ठाऊक असेल. गोवळकोंडा १६८७ मध्ये पडल्यावर औरंगजेबाने अबुल हसन कुतुबशहाला जेथे कैदेत ठेवले ती ही इमारत. तिला चिनी म्हणतात ते भिंतींवरील झिलईदार रंगीत फरश्यांमुळे, आणि त्या कामाला आपल्याकडे ‘चिनी’ म्हणण्याचा प्रघात होता एवढ्यामुळेच. तेव्हा नावावरून मूळ ठरत नाही, हे श्रोत्यांना देवगिरीवरूनच सांगावे. रशियापर्यंत जाण्याची गरज नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. व्हिएन्नातील शोनब्रुन हा ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग राजघराण्याचा उन्हाळी राजवाडा आहे. तेथे त्या घराण्यातील राणी मारिया तेरेसा हिच्या काळातील चिनी कक्ष आहेत, निळ्या चिनी कागदाचे एक दालन आहे, आणि शिवाय एक ‘मिलियन कक्ष’ आहे. त्या कक्षात मौल्यवान लाकडाच्या तावदानांत वेलबुट्टीच्या ६० सोनेरी चौकटी बसवल्या असून, त्यांत चिनी चित्रे नाहीत, आपल्याकडील मुघल लघुचित्रे आहेत. चौकटी वेड्यावाकड्या आकाराच्या होत्या आणि चित्रे होती सरळ आयताकृती. मग राजघराण्यातील मंडळींनी स्वतः कात्री घेऊन ती चित्रे कापली आणि तुकडे जोडून चौकटीत बसतील अशी नवीन चित्रे तयार केली. एका चित्रातला घोडेस्वार दुसऱ्या चित्रातल्या बागेत गेला. चित्रकला शिकवलेल्या माणसाला हे वाचून काय वाटेल, ते सरांनीच सांगावे. ज्याला आपण कौतुकाने ‘मनाने उभा केलेला देश’ म्हणतो, त्याच्या तळाशी ही कात्री आहे.

उत्तर ३ : आरीकाम, वडगाव

मी इतिहास शिकलेली नाही. वडगावात घरी आरीकाम करते. लग्नसराईत ब्लाऊज, एरवी साड्यांचे पदर. तरीही या चर्चेत लिहिते आहे, कारण ज्या दालनासाठी तो राजवाडा प्रसिद्ध आहे, त्याचे नाव वर कोणीच घेतलेले नाही. ते काचमण्यांचे दालन आहे आणि ते माझ्या धंद्यातले आहे.

त्या दालनाच्या भिंतींवर १२ मोठे पडदे ताणून बसवलेले आहेत. पडद्यांची जमीन पूर्णपणे दुधी पांढऱ्या, बारीक नळीसारख्या काचमण्यांनी भरलेली आहे. आमच्याकडे या मण्याला कटदाणा म्हणतात. बेळगावच्या खडेबाजारात जुड्यांनी मिळतो. कटदाण्यांच्या आडव्या ओळी एकीखाली एक घातल्या आहेत, आणि त्या चकाकत्या जमिनीवर मऊ, लव असलेल्या रेशमी दोऱ्याने झाडे, फुले, नाना तऱ्हेचे पक्षी भरले आहेत. ही जोडी ज्याने सुचवली त्याला मी हात जोडते. काच उजेड परत फेकते आणि लव असलेला दोरा उजेड पिऊन टाकतो, त्यामुळे पक्षी पांढऱ्या जमिनीवरून पुढे आल्यासारखे वाटतात. आम्ही नेमके उलटे करतो. कापड मंद ठेवतो आणि मोर चमकवतो.

वाचल्याप्रमाणे हे काम ९ रशियन भरतकाम करणाऱ्या बायकांनी केले, आणि त्यांच्यावर देखरेख मारी द शेल नावाच्या फ्रेंच बाईची होती, जी पूर्वी नाटक मंडळीत नटी होती. मणी २० लाखांहून अधिक आहेत असे सांगतात. ते मणी लोमोनोसोव या शास्त्रज्ञाच्या उस्त-रुदित्सा येथील कारखान्यातले असे मानतात; रंगीत काच आणि मणी बनवण्यासाठी त्याने तो कारखाना त्या परिसरातच काढला होता, आणि १९४८ पासून ओरानिएनबाउम गावालाही त्याचेच नाव आहे. या दालनाची जमीन, म्हणजे पायाखालची, हीदेखील मुळात रंगीत काचेच्या तुकड्यांची होती. पुढे तेथे लाकडी फरशी आली.

निपाणीच्या दादांना एवढेच विचारते, की यात नक्कल कोणाची झाली? चीनमध्ये भिंतीवर कटदाणा भरत नाहीत. पक्ष्याची शेपटी चिनी बशीवरून उचलली असेल, पण टाका त्या बायकांचा आहे. माझ्याकडे गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो दाखवते आणि “असंच पाहिजे” म्हणते; तरी मी भरलेला मोर फोटोतल्यासारखा कधीच होत नाही, आणि तो तसा झाला नाही म्हणून कोणी पैसे कापून घेतलेले नाहीत.

उत्तर ४ : शहापूरकर

अक्का, आपले लिहिणे वाचून मी माझे पहिले उत्तर पुन्हा वाचले आणि ओशाळलो. लाकूडकामात रमून मी मुख्य दालनच विसरलो होतो.

निपाणीकरांची कात्री मी नाकारत नाही. तथापि शोनब्रुनचा मिलियन कक्ष आणि ओरानिएनबाउमचे काचमण्यांचे दालन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात दुसऱ्याची तयार कलाकृती तोडून वापरली आहे; दुसऱ्यात फक्त कल्पना उचलली असून वस्तू मुळापासून घडवली आहे. ‘शिनवाझरी’ या एका शब्दाखाली दोन्ही गोष्टी नांदतात, म्हणून सरांचे टिपण पुन्हा पुन्हा खोडले गेले असावे.

घडवण्याचे आणखी एक उदाहरण देतो. त्याच किनाऱ्यावर पीटरहोफ येथे पीटर द ग्रेटचे मोप्लेझीर नावाचे छोटे घर आहे. त्यात लाखेचे एक दालन असून त्याच्या भिंतींत ९४ चित्रफळ्या होत्या. काळ्या जमिनीवर सोनेरी व रंगीत चिनी देखावे पाहून कोणालाही त्या चीनमधून आल्या असेच वाटेल. प्रत्यक्षात त्या रशियातील देवचित्रे रंगवणाऱ्या चित्रकारांनी केल्या होत्या. चर्चमध्ये संतांचे चेहरे काढणाऱ्या हातांनी चिनी डोंगर काढले, आणि लाकडी फळीवर अस्तर देऊन रंग चढवण्याची त्यांची पिढीजात पद्धत तेथे कामी आली. दुसऱ्या महायुद्धात पीटरहोफ जर्मनांच्या ताब्यात गेले आणि त्या फळ्यांपैकी अगदी थोड्या उरल्या. युद्धानंतर ते दालन पुन्हा उभे केले ते पालेख गावच्या चित्रकारांनी, आणि पालेख हेही देवचित्रांच्या परंपरेतलेच गाव.

ओरानिएनबाउम मात्र वाचले. १९४१ ते १९४४ या काळात आजूबाजूचा मुलूख जर्मनांकडे असताना हा किनारपट्टीचा तुकडा रशियन सैन्याने वेढ्यात राहूनही सोडला नाही, त्यामुळे तेथील भिंती अठराव्या शतकातल्याच राहिल्या. तरी नुकसान अजिबात झाले नाही असे नाही. मोठ्या दालनाच्या छतावरील व्हेनिसच्या तिएपोलोचे चित्र त्या धामधुमीत गेले ते गेलेच. १९९० साली सेंट पीटर्सबर्ग आणि परिसरातील वास्तूंचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, त्यात हाही राजवाडा आहे.

उत्तर ५ : चित्रशिक्षक, खानापूर

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. निपाणीकरांनी मला थेट विचारले आहे, म्हणून आधी त्यांना उत्तर देतो. मुघल चित्र कापल्याचे वाचून माझ्या पोटात कालवले. परंतु शाळेत मीच मुलांना जुन्या दिनदर्शिकांवरील देवादिकांची चित्रे कापून चिकटकाम करायला लावत असे, हेही तेव्हाच आठवले, आणि माझा राग काहीसा लंगडा पडला. तरी मिलियन कक्षाची गोष्ट मी व्याख्यानात सांगणार आहे, आणि ती मवाळ करून सांगणार नाही.

शब्दाबाबत माझ्या मनात आता ‘चिनी थाट’ असा शब्द येतो आहे. आपण ‘मराठमोळा थाट’, ‘पेशवाई थाट’ म्हणतो, तेव्हा समोरचा माणूस पेशवा आहे असे कोणाला वाटत नाही. त्याने तो थाट केला आहे एवढेच कळते, आणि त्याने तो चोरला असेही कोणी म्हणत नाही. ‘चिनी थाटाची सजावट’ असे म्हटल्यास दोन्ही टोके टळतात. कोणाची हरकत असल्यास अवश्य कळवावी.

एक शंका मात्र उरते. बारा पडद्यांवर इतकी काच, आणि घर समुद्रकाठच्या ओल्या जमिनीवर, केवळ उन्हाळ्यात वापरायचे, म्हणजे हिवाळ्यात बंद. आमच्या खानापुरात आषाढ-श्रावणात भिंतीवरचा साधा फोटोसुद्धा मागून बुरसतो. तेथे दोनशेसाठ वर्षे कापड टिकले कसे? आणि अक्का, एक विनंती. व्याख्यानात दाखवण्यासाठी हातभर नको, पण इंचभर तरी अशी काचमण्यांची जमीन भरून मिळेल का? मजुरी वाचनालय देईल.

उत्तर ६ : शहापूरकर

सर, ओल हा त्या राजवाड्याचा जुनाच शत्रू आहे. अलीकडच्या जीर्णोद्धारात आधी दमटपणाचा बंदोबस्त करावा लागला, आणि काचमण्यांचे पडदे उतरवून एर्मिताज संग्रहालयाच्या जीर्णोद्धारकांकडे दुरुस्तीसाठी द्यावे लागले. म्हणजे ते आपोआप टिकले नाहीत, टिकवावे लागले. ‘चिनी थाट’ या शब्दाला माझी संमती आहे.

उत्तर ७ : निपाणीचा वाचक

‘थाट’ चालेल. मात्र मिलियन कक्षासाठी तो शब्द वापरू नये. तेथे ‘कापाकापी’ हाच शब्द योग्य आहे.

उत्तर ८ : आरीकाम, वडगाव

सर, नमुना भरून ठेवला आहे. रविवारी नंदगडला माहेरी जाणार आहे, तेव्हा वाटेत खानापूर स्टँडवर देते. मजुरी नको.

करताना जे कळले ते लिहिते, व्याख्यानात उपयोगी पडेल. आरीने काम लवकर होते, पण ओळी सरळ राहीनात, म्हणून मी साध्या सुईनेच एकेक मणी टाचला. माझ्याकडच्या कटदाण्याने इंचभर रुंदीत ६ मणी बसले आणि इंचभर उंचीत १२ ओळी, म्हणजे चौरस इंचाला ७२ मणी झाले. त्याला मला २० मिनिटे लागली. मुलाने कागदावर हिशेब केला. या वेगाने २० लाख मण्यांना सव्वानऊ हजार तास होतात. ९ जणींत वाटले तर एकीच्या वाट्याला हजाराहून थोडे जास्त तास येतात, म्हणजे रोज आठ तास बसले तर सव्वाशेच्या वर दिवस. हे केवळ पांढऱ्या जमिनीचे झाले. पक्षी, झाडे आणि फुले वेगळी. मणी टाचताना दोरा जरा जरी सैल राहिला तर ओळ लोंबते, आणि काच जड असल्यामुळे वरच्या ओळींवर खालच्यांचा भार येतो. जड कामाचा ब्लाऊज हँगरला टांगला की खांद्याशी कापड ओढले जाते ते यामुळेच, म्हणून आम्ही तो घडी करून ठेवायला सांगतो. भिंतीवरचा पडदा काही घडी करून ठेवता येत नाही.

नमुन्याच्या कडेला मी हिरव्या लोकरीने एक पान भरले आहे. लव असलेला रेशमी दोरा येथे मिळाला नाही. दिव्याखाली थोडा तिरका धरून दाखवावा, समोरून धरला तर काच नुसती पांढरी दिसते.